‘अजून नाही’

पाळकसाहेबांना काय सांगायचं ते मी आठवडाभर पाठ केलं होतं. घाबरले की पाठ करायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. उपासना संपली, लोक पांगले आणि मी सगळं धडाधडा म्हणून टाकलं. केव्हापासून वाचतेय, काय पटलंय, काय पटलेलं नाही, आणि शेवटी एकदाचं, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, "घरी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग अजून नाही."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. सगळं पणाला लावून आलेल्या माणसाला कुणी असं दारातून परत पाठवतं का? त्या दोन शब्दांनंतर माझा बाप्तिस्मा व्हायला दोन वर्षं आणि दोन महिने गेले.

आता मी त्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाचं काम बघते. अधूनमधून दुसऱ्या मंडळ्यांकडून साक्ष द्यायला, म्हणजे मी विश्वासात कशी आले ते सांगायला, बोलावणं येतं. बोलावणाऱ्यांच्या डोक्यात साक्षीचा एक साचा असतो, आधी मिट्ट काळोख आणि मग लख्ख उजेड. घरी फार जाच असेल ना, कोंडून ठेवत असतील ना, असं कुणीतरी हळूच विचारतं. तसं काही नव्हतं म्हटलं की त्यांचा थोडा विरस होतो. मी काय करू? माझ्या घरात देवाचं नाव घेतल्याशिवाय दिवस उगवत नव्हता, आणि ते नाव मला धाकाने नाही, मायेने शिकवलेलं होतं.

अब्बांनी मला वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, शिकवला तो अजून हातांना आठवतो. आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. फजरला, पहाटेच्या नमाजाला, ते दार वाजवायचे नाहीत, बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. नवव्या वर्षी माझा नाजरा पूर्ण झाला, म्हणजे अख्खं कुरआन मी एकदा अरबीतून वाचून काढलं. ११४ सूरा, म्हणजे अध्याय, आणि अर्थ एकाही ओळीचा कळत नव्हता. मी कुरकुर केली की अब्बा म्हणत, "अर्थ येईल मागून. आधी जिभेवर बसू दे." त्यांचं बोट ओळीखालून सरकायचं आणि माझा आवाज त्या बोटामागून जायचा. मला ते आवडायचं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण साक्षीच्या वेळी नेमका हाच भाग लोकांना नको असतो.

अर्थ मागून आलाच. एकोणिसाव्या वर्षी मी अनुवाद वाचायला घेतला आणि सूरह मरियमपाशी अडकले. कुरआनात नावाने उल्लेख असलेली स्त्री एकच, बीबी मरियम. खजुराच्या बुंध्याशी कळा सोसत, याआधीच मेले असते तर बरं, असं म्हणणारी. तिचं बाळ पाळण्यातून बोलतं. इतरत्र त्याच ईसा अलैहिस्सलामांना, म्हणजे येशूला, अल्लाहचा ‘कलिमा’, शब्द, म्हटलंय, मसीह म्हटलंय. ते मातीच्या पाखरात फुंकर मारतात आणि अल्लाहच्या हुकुमाने ते उडतं, मेलेले उठतात. मला साधी शंका होती. सगळे पैगंबर अल्लाहचा शब्द घेऊन येतात, मग शब्द म्हणून ओळखला जाणारा हा एकच का? शिकवणाऱ्या मौलानांना विचारलं. ते सज्जन होते, चिडले नाहीत. ‘कुन’, म्हणजे ‘हो’, या एका आज्ञेने बापाविना जन्मले म्हणून कलिमा, असं त्यांनी समजावलं. उत्तर सुसंगत होतं, आजही मला ते तसंच वाटतं. पण माझी शंका काही त्यात मावली नाही. ती घेऊन मी वर्षभर हिंडले आणि पुन्हा कुणाला विचारलं नाही.

ख्रिस्ताकडे मी शोध घेत गेले नाही. मी गेले रीडर म्हणून.

कॉलेजात अंध विद्यार्थ्यांना रीडर लागायचे. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं, कधी परीक्षेत रायटर म्हणून बसायचं. माझा आवाज तयार होता, तिलावतीची, कुरआन मोठ्याने म्हणण्याची, कृपा. मला जी मुलगी मिळाली ती ख्रिस्ती, माझ्याच वयाची, भयंकर विनोदी, आणि दर रविवारी संडेस्कूलची मुलं शिकवणारी. ब्रेलमधलं बायबल म्हणजे कपाटभर जाडजूड खंड, ते काही ती पाठीवर टाकून आणू शकत नव्हती. इतिहासाचं वाचन झालं की ती म्हणायची, "पुढच्या रविवारच्या धड्यातलं एवढं वाच ना." मला अवघड वाटलं. पण अंध मैत्रिणीला वाचून दाखवण्यात कसलं पाप, असं मी स्वतःला समजावलं. माझे डोळे, तिचे कान. मी नुसतीच मधली वाट. मधल्या वाटेवरूनही पाणी वाहून जातं, हे तेव्हा सुचलं नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, आणि मग वाटणी मागून घर सोडून गेलेला धाकटा मुलगा. तो परत येतो. अजून लांबच असतो, आणि बाप त्याला पाहून धावत सुटतो. मी तिथे थांबले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"ओळ हरवली."

ओळ हरवली नव्हती. म्हातारा माणूस धावतोय, हे मला दिसत होतं. अल्लाहची नव्याण्णव नावं मला तोंडपाठ होती. रहमान, रहीम, गफूर, वदूद. दया तिकडे कमी होती असं कुणी म्हणालं तर आजही मी वाद घालते. रहमान आणि रहीम ज्या धातूपासून येतात त्याच धातूपासून अरबीत गर्भाशयाचा शब्द येतो. पण त्या नव्याण्णवांत ‘पिता’ नव्हता. तो नाही हे योग्यच आहे, असं मी शिकले होते. आणि इथे तर तो नुसता पिता नव्हता, लाजलज्जा सोडून रस्त्यावर धावत होता.

त्यानंतर मी स्वतःसाठी वाचायला लागले. आधी लूक, मग मत्तय. डोंगरावरच्या प्रवचनाचे तीन अध्याय मी इतक्यांदा वाचले की ते आपोआप पाठ झाले. मग योहान. योहानाची पहिलीच ओळ म्हणते की प्रारंभी शब्द होता. माझी वर्षभराची शंका दुसऱ्याच कुणाच्या घरात खुर्ची टाकून बसलेली दिसावी, तसं झालं.

म्हणजे लगेच पटलं असं नाही. तीन गाठी होत्या आणि कुठलाही मुसलमान त्या सांगेल. पहिली, इंजील, म्हणजे ईसांना मिळालेला ग्रंथ, बदललेली आहे. दुसरी, ईसांना क्रुसावर चढवलंच नाही, सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. तिसरी, आणि हीच खरी, एकाचे तीन कसे? शिर्क, म्हणजे अल्लाहला भागीदार जोडणं, यापेक्षा मोठं पाप नाही. ‘कुल हुवल्लाहु अहद’, सांग, तो अल्लाह एकच, हे मी बोलायला शिकल्यापासून म्हणत आलेली. ‘लम यलिद व लम यूलद’, त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही.

मैत्रिणीने मला तिच्या पाळकसाहेबांकडे नेलं. पहिल्या गाठीवर त्यांनी हस्तलिखितांची गोष्ट सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा एक तळहाताएवढा तुकडा दुसऱ्या शतकातला मानतात, मँचेस्टरच्या ग्रंथालयात आहे. चौथ्या शतकातला कोडेक्स सिनायटिकस म्हणजे पूर्ण नवा करार. हे सगळं इस्लामच्या उदयाआधीचं. पाठभेद आहेत, खूप आहेत, आणि बायबलांच्या तळटिपांतच ते छापलेले असतात, हेही त्यांनीच दाखवलं. लपवलं असतं आणि मला नंतर कळलं असतं, तर मी परत फिरकले नसते.

दुसरी गाठ पुराव्यांनी सैल झाली, पण सुटली ती वेगळ्या कारणाने. अल्लाह आपल्या पैगंबराला असं मरू देणार नाही, हा माझा जुना आधार होता, आणि तो देवाच्या सन्मानासाठी होता. वधस्तंभाची गोष्ट नेमकी उलटी चालते. सन्मान टाकून खाली उतरणारा देव. धावणारा बाप मी आधी पाहिला होता म्हणूनच ते मला ऐकू तरी आलं.

तिसऱ्या गाठीवर त्यांनी ३२५ सालच्या निकायाच्या बिशपांच्या परिषदेचं सांगितलं, विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कबुली, समजावला. पाणी, बर्फ, वाफ असली उदाहरणं त्यांनी दिली नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ती नंतर इतरांनी भरपूर दिली. देव एकच, हे त्यांनी माझ्याइतक्याच ठामपणे म्हटलं, आणि मग म्हणाले, "याच्या पुढे मला समजावता येत नाही. मी फक्त उपासना करतो." पुस्तकांनी झालं नाही ते त्या कबुलीने झालं. गाठ आजही पूर्ण सुटलेली नाही. मुलाला बरं कर म्हणणारा एक बाप येशूला म्हणतो ना, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला हात दे. मार्कच्या नवव्या अध्यायातलं ते वाक्य मी माझंच समजते.

अनेकांच्या साक्षीत स्वप्न असतं. शुभ्र वस्त्रातला कुणीतरी येतो, नावाने हाक मारतो. मी कित्येक रात्री वाट बघितली. एकदा स्वप्न पडलं ते परीक्षेला उशीर झाल्याचं.

भीती मात्र होती, आणि ती डोक्यात नव्हती, अंगात होती. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला पहिल्यांदा बसले तेव्हा ‘पित्या’पाशी जीभ टाळूला चिकटली. अक्षरशः आवाज फुटेना. जिभेवर आधी जे बसलेलं होतं ते उठायला तयार नव्हतं. पहाटे जाग यायचीच, टकटक नसली तरी. हात आपोआप नळाकडे जायचे. त्या वेळेला काय करायचं हेच कळत नसे, मग मी अंधारात बसून स्तोत्रं वाचायचे. अजून तीच माझी प्रार्थनेची वेळ आहे.

तर, ‘अजून नाही’.

मी वाद घातला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूशी अधिकारी रथातून जाताना फिलिप्पाला विचारतो, हे बघ पाणी, मला कसली अडचण? आणि त्याचा तिथल्या तिथे बाप्तिस्मा होतो. पाळकसाहेब म्हणाले, "त्याला घरी जाऊन कुणाला तोंड द्यायचं होतं, ते लिहिलेलं नाही. तुला द्यायचंय." सुरुवातीच्या शतकांतल्या एका मंडळी-नियमावलीत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं शिकायची अट होती, असंही त्यांनी सांगितलं. खर्चाचा हिशेब केल्याशिवाय बुरूज बांधायला घेऊ नये, हे तर खुद्द येशूचंच म्हणणं. मी सज्ञान होते, त्यांनी मला अडवायचा प्रश्नच नव्हता. पण चोरून घेतलेला बाप्तिस्मा मला आयुष्यभर चोरासारखं वागायला लावेल, असं त्यांचं मत होतं. हा नियम सगळ्यांना लागू नाही. काही देशांत धर्म सोडणं हाच गुन्हा आहे, तिथे गुप्तता म्हणजे जीव. माझ्या बाबतीत धोका जिवाला नव्हता, नात्यांना होता.

घरी सांगायला मला सात महिने लागले. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं १८ वं कलम, धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य देणारं, मी कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवलं होतं. कशासाठी, कोण जाणे. अब्बांसमोर बसल्यावर तो कागद काढायचं मनातही आलं नाही. मी सांगितलं. ते ओरडले नाहीत. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बेटा, आमच्याकडून काय कमी पडलं?"

शिव्या दिल्या असत्या तर मी रागावून निघून गेले असते आणि सोपं झालं असतं. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. काही कमी पडलं नव्हतं.

त्यानंतर चौदा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. अम्मी फोन करायची, पाचदहा मिनिटं बोलायची, नातेवाइकांच्या तब्येती सांगायची, त्या एका विषयाला वळसा घालून. माझं ठरत आलेलं लग्न मोडलं, ते मोडणारच होतं. आपा, माझी मोठी बहीण, भेटायला यायची पण मुलांना आणायची नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं. एक चुलते म्हणाले की हिला कुणीतरी पैसे दिले असणार. मंडळीतही सगळं गोड नव्हतं. काहीजण मला लांबूनच न्याहाळत, ही खरी की कुणी पाठवलेली. आणि काहींनी उलट मला डोक्यावर घेतलं, जो येईल त्याला माझी ओळख करून देत, लढाईत जिंकलेल्या ढालीसारखी. दुसरा प्रकार मला जास्त झोंबला. एकाने नवीन नाव सुचवलं, बायबलमधलं. मी हुरळले. पाळकसाहेबांनी विचारलं, "आईबापांनी दिलेल्या नावाने काय वाकडं केलंय?" नाव राहिलं. आज मुलं त्याच नावापुढे ताई लावतात.

बाप्तिस्म्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्ग झाले, चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. पाणी गार होतं आणि नाकात गेलं. वर आले तेव्हा खोकला आवरत नव्हता, आणि डोक्यात एकच विचार होता, झालं? घरचं कुणी नव्हतं. मैत्रीण पहिल्या ओळीत होती. नंतर तिने विचारलं, "पाणी कुठपर्यंत होतं? मला फक्त आवाज आला." मी तिला सगळं वर्णन करून सांगितलं, आणि सांगतानाच मला ते पहिल्यांदा खरं वाटलं.

पाचारण हा शब्द मंडळीत फार सहज वापरतात. प्रभूने मला पाचारण केलं, असं कुणी म्हटलं की पुढे बोलायची सोय राहत नाही. माझी सुरुवात मैत्रिणीच्या तापातून झाली. शनिवारी रात्री तिचा फोन आला, उद्याचे मोठ्या वर्गातले सगळे तुझे, धडा तुला माहीतच आहे, तूच तर वाचलास. तेरा ते सतरा वयाची अकरा मुलंमुली. मी चाळीस मिनिटं बोलले. कुरआनात काय, बायबलात काय, कुठे साम्य, कुठे फरक, सगळी माहिती ओतली. एक मुलगा चक्क झोपला. शेवटी मी विचारलं, काही प्रश्न? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही निवडलंत. आम्ही इथे जन्मलो. आम्हाला हे खरंच वाटतं की नुसती सवय आहे, हे कसं कळणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. झोपलेला मुलगा उठून बसला. पुढची वीस मिनिटं मी बोललेच नाही, तीच बोलत होती. घरी जाताना मला जाणवलं की ही सगळी मुलं म्हणजे एकोणिसाव्या वर्षी अनुवाद मांडीवर घेऊन बसलेली मी. फरक इतकाच की वर्षभर मी कुणाला विचारू शकले नव्हते.

शमुवेलाला देव तीनदा हाक मारतो आणि तिन्ही वेळा पोरगं धावत म्हाताऱ्या एलीकडे जातं, तुम्ही बोलावलंत का म्हणून. मला ती गोष्ट फार आवडते, कारण हाक ओळखीच्याच आवाजात येते. मलाही ती आधी तापाने पडलेल्या मैत्रिणीच्या आवाजात आली, मग पाळकसाहेबांच्या पत्नीच्या, मग त्या मागच्या बाकावरच्या मुलीच्या. ताई, पुढच्या रविवारी तुम्हीच या. पाळकसाहेबांनी तरुण संघाबद्दल विचारलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं तर वडीलमंडळींपैकी एकांनी हरकत घेतली. काल आलेल्या माणसाला पुढारपण देऊ नये असं तीमथ्याच्या पहिल्या पत्रात लिहिलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. मला वाईट वाटलं, पण ते बरोबर होते. अध्यक्षाच्या पदाबद्दलचं ते वचन आहे हे खरं, तरी मुद्दा लागू पडत होता. आणखी एक वर्ष मी मदतनीस होते. खुर्च्या मांडायच्या, हजेरी घ्यायची, गाण्यांच्या वह्या गोळा करायच्या, संध्याकाळी पाळकांच्या प्रशिक्षणवर्गात बसायचं. पुन्हा ‘अजून नाही’. एव्हाना मला त्याची सवय झाली होती.

तरुणांची सेवा म्हणजे गिटार आणि शिबिरं, असं बाहेरून दिसतं. निम्मं काम कंटाळवाणं आहे आणि तेच महत्त्वाचं आहे. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं. एकट्या मुलाशी बोलायचं तर दार उघडं. शिबिराला पालकांची लेखी परवानगी. ‘कुणाला सांगू नका’ म्हणून कुणी काही सांगायला लागलं तर आधीच स्पष्ट करायचं, तुझ्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. आणि एक खोका, ज्यात नाव न घालता प्रश्न टाकायचे. पहिल्या महिन्यात त्यातून निघालेल्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. मी प्रार्थना केली तरी आजी का गेली. बाबा चर्चमध्ये एक आणि घरी एक का असतात. मुसलमान नरकात जाणार का.

शेवटची चिठ्ठी मी मोठ्याने वाचली आणि थांबले. ओळ हरवली नव्हती, याही वेळी. मी म्हटलं, माझे आईवडील मुसलमान आहेत, न्यायाचं काम माझ्याकडे नाही, आणि धावणारा बाप कसा असतो ते आपण गेल्या महिन्यात वाचलंय. कुणीतरी घरी जाऊन सांगितलं. दोन पालकांनी तक्रार केली की ताईंचं शिक्षण कच्चं आहे. असेल.

गेल्या वर्षी सोळा वर्षांची एक मुलगी यायला लागली, दुसऱ्या धर्माच्या घरातली, वर्गमैत्रिणीबरोबर. हुशार, तापट. तीन महिन्यांनी तिने मला गाठून सांगितलं, मला बाप्तिस्मा हवाय, या महिन्यात. घरी माहीत आहे का, विचारलं. नाही. मग माझ्या तोंडून काय निघालं असेल ते सांगायला नको. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी आतून ओळखत होते. ती म्हणाली, "तुम्हीसुद्धा?" मी सांगितलं, तू लहान आहेस, हे पालकांच्या पाठीमागे होणार नाही, इथे येतेस हेही त्यांना ठाऊक हवं, वाचत राहा, विचारत राहा, मी कुठे जात नाही. ती गेली. पुन्हा आली नाही. मी बरोबर केलं असं मला वाटतं. रात्री दोन वाजता तितकं वाटत नाही.

आणि एक मुलगा उलट दिशेचा. मंडळीत जन्मलेला, गाणारा, त्याचे वडील चर्चचे खजिनदार. वीस वर्षांचा झाल्यावर त्याने सांगितलं की माझा विश्वास उरलेला नाही, मी येणं थांबवतो. आईवडील माझ्याकडे आले, त्याला समजवा म्हणाले. मी मुलाला भेटले, त्याचं सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. मग जास्त वेळ आईवडिलांबरोबर बसले. वडिलांनी विचारलं, "आमच्याकडून काय कमी पडलं?" शब्दन् शब्द तोच. मला काही क्षण बोलता आलं नाही.

अशा पालकांना संत ऑगस्टीनच्या आईची, मोनिकाची, गोष्ट सांगायची पद्धत आहे. ती मुलासाठी वर्षानुवर्षं रडत राहिली आणि अखेर ३८७ साली, बत्तिसाव्या वर्षी, ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. मीही सांगायला तोंड उघडलं आणि मला अम्मी दिसली. रात्री उठून, तहज्जुदच्या नमाजात, मी परत यावं म्हणून दुआ मागणारी. आपाने सांगितलंय मला. तिच्या बाजूने बघितलं तर मोनिका तीच आहे. मी त्या दोघांना गोष्ट सांगितली नाही. एवढंच म्हटलं की त्याच्याशी बोलणं थांबवू नका, हवामानावर बोला, तब्येतीवर बोला, पण फोन करत राहा. माझी आई तेच करते.

अब्बा चौदा महिन्यांनी बोलले ते बँकेच्या एका कागदावर माझी सही हवी होती म्हणून. मग हळूहळू. धर्म सोडून सगळं. या विषयाची सीमा आम्ही दोघंही सांभाळतो. गेल्या महिन्यात मी फोन केला तेव्हा मागे मुलांचा गलका होता. कसला आवाज, त्यांनी विचारलं. मुलं पाठांतर करतायत, मी म्हटलं.

"काय पाठ करून घेतेस?"

मी जरा घुटमळले. स्तोत्रांना आमच्या घरी जबूर म्हणतात. "जबूर, अब्बा. दाऊद अलैहिस्सलामांचं. तेविसावं."

थोडा वेळ काहीच नाही. मागे मुलं एका सुरात म्हणत होती, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. कुणीतरी तिसऱ्या वचनाला अडखळलं आणि सगळे हसले.

"अर्थ सांगितलास त्यांना?"

"नाही अजून. आधी जिभेवर बसू दे म्हटलं."

ते ‘हं’ म्हणाले. मग विचारलं, "किती आयती आहेत?"

"सहा."

"फातिहात सात आहेत," अब्बा म्हणाले. "तुला सहाव्या वर्षी एका दिवसात आली होती. यांना कशाला इतका वेळ लागतोय?"